पाच वर्षांची गोळी : स्तनाच्या कर्करोगावरील हार्मोन उपचार आणि वऱ्हाड

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो आणि शेक पार पडल्यावर, गाठ हार्मोनवर वाढणारी निघाली असेल तर, रुग्णाला पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. आधीचे सगळे उपचार रुग्णालयात होतात. हा एकटाच उपचार घरी होतो. अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील स्त्रीची शस्त्रक्रिया बहुधा मुंबईला नाहीतर नागपूरला झालेली असते. गोळीचे दुष्परिणाम मात्र ती दर्यापुरात, मूर्तिजापुरात, तेल्हाऱ्यात किंवा धारणीत सोसते. अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, धरलेले सांधे, ठिसूळ होत जाणारी हाडे यांकडे वैद्यकाचे लक्ष फार उशिरा गेले. या उशिराची कारणे काही औषधाच्या इतिहासात आहेत, तर काही वऱ्हाडातून दवाखान्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत.

हार्मोन उपचाराचा उगम गोठ्यातला आहे. स्कॉटलंडमधील जॉर्ज बीटसन हा तरुण डॉक्टर 1870च्या दशकात दूध कसे तयार होते या विषयावर प्रबंध लिहीत होता. व्यालेल्या गाईचे अंडाशय काढून टाकले तर ती पुढे बराच काळ दूध देत राहते, असे काही देशांतील पशुपालक मानत, हे त्याच्या कानावर आले. अंडाशय आणि स्तन एकमेकांपासून दूर असूनही त्यांचा काही संबंध आहे, हे त्याने तिथून ताडले. अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनचे नावही तेव्हा अस्तित्वात नव्हते. 1895 साली ग्लासगोत त्याने कर्करोग पुन्हा उद्भवलेल्या 33 वर्षांच्या एका स्त्रीचे अंडाशय काढले. काही महिन्यांत तिच्या छातीवरच्या गाठी विरल्या आणि ती त्यानंतर जवळपास चार वर्षे जगली. 1896 साली ‘लॅन्सेट’मध्ये हा वृत्तान्त छापून आला. 1900 साली लंडनच्या स्टॅन्ले बॉइड यांनी अशा शस्त्रक्रियांचा आढावा घेतला, तेव्हा साधारण एक तृतीयांश स्त्रियांना फायदा झालेला दिसला. उरलेल्यांना का होत नाही, हे कळायला आणखी साठ वर्षे लागली.

पहिला दुष्परिणामही तेव्हाच जन्माला आला. ज्या स्त्रीची पाळी आणखी दहा-बारा वर्षे चालली असती, तिची ती एका दिवसात बंद झाली. निसर्गात हा बदल काही वर्षे हळूहळू होत जातो. इथे तो टाके सुकण्याआधीच पूर्ण झाला. बीटसनच्या काळच्या लेखनात गाठ किती लहान झाली याचे वर्णन बारकाईने येते, पण त्या स्त्रीच्या झोपेचे, घामाचे, सांध्यांचे क्वचितच. मरण दाराशी असताना असे प्रश्न विचारणे कुणाला सुचले नाही, हे समजण्यासारखे आहे. मात्र ही न विचारण्याची सवय पुढे, मरण दूर गेल्यावरही टिकली.

1940 नंतरचे उपचार याहून कठोर होते. 1944 साली अलेक्झांडर हॅडो यांनी कृत्रिम इस्ट्रोजेनच्या मोठ्या मात्रेने उतारवयातील काही रुग्णांच्या गाठी आटतात असे दाखवले. त्याची किंमत म्हणजे सततची मळमळ, अंगावर सूज आणि रक्तस्राव. काही ठिकाणी पुरुषी हार्मोन देत. त्याने आवाज घोगरा होई, चेहऱ्यावर केस येत. 1952 साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच काढून टाकायला सुरुवात केली, तर स्वीडनमध्ये मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी काढण्याचे प्रयोग झाले. त्यानंतर रुग्णाला जन्मभर कॉर्टिसोनवर राहावे लागे.

वऱ्हाडात या काळात बायकांसाठी अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग हे दवाखाने होते. लोक आजही जिल्हा स्त्री रुग्णालयांना याच नावांनी ओळखतात. डफरीनमागचा 1885चा निधी काय किंवा नंतरचे लेडी हार्डिंग काय, हे दवाखाने उभे राहिले ते प्रामुख्याने बाळंतपणासाठी आणि पुरुष डॉक्टरला अंग न दाखवणाऱ्या स्त्रियांसाठी. अमरावतीचे इर्विन हे सर्वसाधारण रुग्णालय. कर्करोगासाठी 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल सुरू झाले आणि वऱ्हाडाला पहिल्यांदाच या रोगाचे असे ठिकाण मिळाले. वाट मात्र आधीपासून होती. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा करीत 1867 सालीच नागपूरला पोहोचला होता. तो मुळात कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी आखलेला. पुढे त्याच रुळांवरून वऱ्हाडचे रुग्ण परळला जाऊ लागले.

या प्रवासाला अमरावती जिल्ह्यातल्या दोन संतांची नावे जोडली गेली आहेत. शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी मंदिरांऐवजी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या गरिबांचा आणि त्यांच्या नातेवाइकांचा आसरा आहे. यावलीत 1909 साली जन्मलेले, गुरुकुंज मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी कर्करोगानेच गेले. नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय त्यांच्या नावाने उभे आहे आणि वऱ्हाडच्या रुग्णांसाठी ते परळपेक्षा बरेच जवळ आहे. पुढे अकोल्यात संत तुकाराम रुग्णालयात कर्करोगाचे उपचार मिळू लागले, 2002 साली अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि नागपूरजवळ जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी राहिली. निदान आणि शस्त्रक्रिया अशा पायरीपायरीने घराच्या जवळ सरकत आल्या.

गोळीचा इतिहास याच दशकांतला आहे. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत आर्थर वॉल्पोल यांचा गट संबंधानंतर घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा शोध घेत होता. 1962 साली डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञाने तिथे एक संयुग तयार केले, तेच पुढचे टॅमॉक्सिफेन. उंदरांत ते गर्भ रोखत असे, बायकांत मात्र उलट स्त्रीबीज सुटायला मदत करी. गर्भनिरोधक म्हणून ते बाद झाले. त्याच दिशेच्या संशोधनात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेला पुढे यश आले; 1991 साली बाजारात आलेली ‘सहेली’ ही आठवड्याची गर्भनिरोधक गोळी टॅमॉक्सिफेनच्या कुळातलीच. आयसीआयच्या बाद संयुगाला दुसरा जन्म दिला तो मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयातील मेरी कोल यांनी. 1971 साली त्यांनी कर्करोग पसरलेल्या 46 स्त्रियांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा जणींना चांगला उतार पडला होता. हे प्रमाण जुन्या औषधांहून फारसे वेगळे नव्हते. नवे होते ते इतकेच की या गोळीचा त्रास कमी होता. 1973 साली ब्रिटनमध्ये आणि 1977 साली अमेरिकेत टॅमॉक्सिफेनला मान्यता मिळाली. एल्वूड जेन्सन यांच्या संशोधनातून पेशींतले इस्ट्रोजेन रिसेप्टर माहीत झाले होते, त्यामुळे बॉइड यांना पडलेल्या कोड्याचाही उलगडा झाला: ज्यांच्या गाठीत हे रिसेप्टर असतात त्यांनाच उपचार लागू पडतो.

टॅमॉक्सिफेनचा त्रास कमी आहे हा निर्वाळा कुणाच्या तुलनेत आणि कुणाच्या बाबतीत दिला गेला, हे इथे महत्त्वाचे ठरते. तुलना होती ओकाऱ्या आणणाऱ्या, मिशा फुटवणाऱ्या औषधांशी. रुग्ण होत्या काही महिन्यांच्या सोबती. पुढच्या वीस वर्षांत तीच गोळी शस्त्रक्रिया होऊन धडधाकट झालेल्या स्त्रियांना, आधी दोन वर्षे आणि मग पाच वर्षे, दिली जाऊ लागली. फायदा मोठा होता. जगभरातील चाचण्या एकत्र करून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने रोग परतण्याचे प्रमाण पहिल्या पाच वर्षांत जवळपास निम्म्यावर आणि मृत्यूचे सुमारे एक तृतीयांशाने खाली आलेले दिसले. दहा वर्षे घेतल्यास आणखी लाभ होतो असे ‘ॲटलास’ चाचणीने दाखवले. पण त्रासाबद्दलचे मत जुनेच राहिले. चार महिने सोसायचा घाम आणि दहा वर्षे सोसायचा घाम एकाच मापाने मोजला गेला. ही चूक औषधाची नाही. औषधामागे माणसाची जी विचारपूस चालायला हवी होती, ती चालली नाही.

ही गोळी भारतात स्वस्त आहे. भारताचा 1970चा पेटंट कायदा औषधाच्या पदार्थाला नव्हे तर बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट देई, त्यामुळे देशी कंपन्यांना अशी औषधे बनवता आली. आज टॅमॉक्सिफेन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. शस्त्रक्रिया आणि किमोच्या खर्चासाठी राज्याने 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्या आठांत अमरावती होता. अकोल्यासह उरलेल्या जिल्ह्यांना ती नोव्हेंबर 2013 मध्ये मिळाली आणि 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचे भाडे माफ करते, सोबतच्या माणसाला पाऊण भाडे सोडते. या सगळ्या सोयी रुग्ण दवाखान्याकडे जाण्यासाठी आहेत. तिथून गोळ्यांची चिठ्ठी घेऊन ती घरी परतली की पुढची भेट सहा महिन्यांनी असते. त्या सहा महिन्यांतले दिवस आणि रात्री तिच्या एकटीच्या.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात या रात्री अधिक जड जातात. अकोल्यात आणि अमरावतीत मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत किंवा त्याहून वर जातो. टॅमॉक्सिफेन मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला इस्ट्रोजेन कमी झाल्याचा भास करून देते. मग किंचित उष्णतेनेही ते केंद्र अंगाला घाम आणण्याचा हुकूम सोडते. छातीतून निघालेली झळ मान आणि चेहऱ्यापर्यंत चढते, काळीज धडधडते, दोन-चार मिनिटांत कपडे भिजतात आणि मागोमाग हुडहुडी भरते. बाहेर उन्हाचा तडाखा, घरात चुलीची धग, रात्री वीज गेली की कूलर बंद. अशा वेळी ‘गोळी गरम पडली’ असे घरचे म्हणतात आणि निदान उन्हाळ्यापुरती ती थांबवावी असे वाटू लागते. ही समजूत अडाणीपणाची नाही. अंगाला जे जाणवते त्याचाच तो अर्थ आहे. मात्र मध्येच थांबवलेल्या गोळीचे संरक्षणही थांबते.

झळांवरचा पहिला उपाय म्हणून पाश्चात्त्य देशांत हार्मोनच परत देऊन पाहिले गेले. स्वीडनमधील ‘हॅबिट्स’ चाचणीत अशा स्त्रियांत कर्करोग अधिक प्रमाणात परतू लागला, म्हणून ती डिसेंबर 2003 मध्ये थांबवावी लागली. तो रस्ता बंद झाला. त्याआधीच, 2000 साली, अमेरिकेतील चार्ल्स लॉप्रिन्झी यांनी नैराश्यावरचे व्हेन्लाफॅक्सिन हे औषध कमी मात्रेत झळा बऱ्याच कमी करते असे दाखवले होते. आकडीवरचे गॅबापेंटिनही उपयोगी ठरले. रात्री झोपमोड होणाऱ्यांना ते विशेष सोयीचे पडते. ही दोन्ही औषधे जिल्ह्याच्या गावी मिळतात. मात्र फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची दुसरी औषधे यकृतात टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप तयार होण्यात अडथळा आणतात, म्हणून ती टाळतात. गावातला डॉक्टर झोपेसाठी किंवा उदासीसाठी काही लिहून देत असेल तर त्याला ही गोळी चालू असल्याचे सांगणे त्यासाठीच गरजेचे. बाकी उपाय घरचे आहेत. सुती लुगडे किंवा गाउन, उशाशी ओला पंचा, बाज अंगणात किंवा गच्चीवर, गोळीची वेळ बदलून पाहणे, कडक चहा आणि झणझणीत ठेचा संध्याकाळी वर्ज्य. त्याने झळा जात नाहीत, पण त्यांची संख्या आटोक्यात राहते. दीर्घ श्वसन आणि झळेच्या वेळच्या घाबरलेल्या विचारांना आवर घालण्याचे प्रशिक्षण यांनी त्रास कमी वाटतो, हे 2012 साली लंडनमधील एका चाचणीत दिसले.

खरी कोंडी होते ती न बोलल्या जाणाऱ्या त्रासांची. अंगावरून पांढरे जाणे, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणे, मन उडणे हे सारे हार्मोन उपचारात सर्रास आढळते. सहा महिन्यांनी पाच मिनिटे भेटणाऱ्या पुरुष डॉक्टरला, नवरा किंवा मुलगा शेजारी उभा असताना, कोणती बाई हे सांगेल? डफरीन आणि लेडी हार्डिंग ज्या अडचणीसाठी बांधले गेले, ती इथे शंभर वर्षांनंतरही शिल्लक आहे. कोरडेपणावर हार्मोन नसलेली मलमे आणि पाण्याचा आधार असलेली वंगणे चालतात. आधी ती मागता आली पाहिजेत. पाळी चुकत असली किंवा बंद झाली असली तरी तरुण स्त्रीला दिवस राहू शकतात आणि टॅमॉक्सिफेन गर्भाला घातक आहे, म्हणून तांबी किंवा निरोध हवा. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत.

दोन धोके दुर्मीळ आहेत पण माहीत असलेच पाहिजेत. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, तर गर्भाशयात काही अंशी त्याच्यासारखेच वागते. पाळी गेलेल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता त्याने दुप्पट-तिप्पट होते. मुळात ती शक्यता लहान असल्याने फायदा मोठाच राहतो. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसले तरी तपासणी करायची, एवढे सूत्र पुरते. भीतीपोटी आधीच पिशवी काढून टाकण्याची गरज नसते. दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा. एकाच पोटरीवर सूज व दुखणे, अचानक लागलेली धाप, ही त्याची खूण. अशा वेळी वाट न पाहता जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. मेळघाटातून हे अंतर दीडशे किलोमीटरपर्यंत जाते.

पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात दुसरा वर्ग आला: ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन. पाळी गेल्यावर चरबीच्या पेशींत जे थोडे इस्ट्रोजेन बनते, तेच ही औषधे बंद करतात. रोग परतू न देण्यात ती टॅमॉक्सिफेनपेक्षा सरस ठरली. गुठळी आणि पिशवीचा धोकाही टळला, पण त्रासाची जागा बदलली. जवळपास निम्म्या स्त्रियांचे सांधे दुखू लागतात, सर्वांत आधी बोटांचे आणि मनगटांचे, आणि तेही सकाळी उठल्या-उठल्या. कापसाच्या प्रदेशात याचा अर्थ रोजीशी जोडलेला आहे. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते आणि वेचणी ही पूर्ण बोटांच्या टोकांची कामगिरी. बोंडातून सरकी-कापूस ओढून घ्यायला चिमूट घट्ट बसावी लागते. निंदणात विळा मुठीत धरावा लागतो. पहाटे मूठ न वळणाऱ्या बाईची मजुरी वजनावर मोजली जाते तेव्हा तिचे नुकसान किलोत दिसते. ‘थोडी सांधेदुखी होईल’ असे शहरातल्या कागदावर लिहिलेले वाक्य शेतात असे महाग पडते.

सांधेदुखीवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो हालचालीचाच. ‘होप’ या अमेरिकन चाचणीत आठवड्याला अडीच तास चालणे आणि दोनदा वजनाचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचे दुखणे वर्षभरात स्पष्ट कमी झाले. शेतातले कष्ट हा व्यायामच नव्हे का, असे कुणी विचारेल. तो वाकलेल्या कमरेचा आणि एकाच स्नायूचा ताण असतो. सरळ पाठीने भरभर चालणे वेगळे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे उघडणे-मिटणे, गरजेपुरते पॅरासिटामॉल, आणि तरीही सोसवत नसेल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन आठवड्यांची विश्रांती व मग त्याच वर्गातले दुसरे औषध, असा क्रम आता रूढ आहे. एका औषधाने सतावलेल्या अनेकींना दुसरे मानवते.

हाडांची झीज दुखत नाही, म्हणून ती अधिक धोक्याची. भारतीय स्त्रियांची पाळी पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी, साधारण 46-47 व्या वर्षी जाते, म्हणजे हाडांचे संरक्षण आधीच लवकर सुटलेले असते. या औषधांच्या सुरुवातीला आणि मग दर एक-दोन वर्षांनी हाडांची घनता मोजायची, रोज कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यायचे, आणि घनता फार उतरली तर दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक आम्लाचे सलाइन, अशी पद्धत आहे. ताक, दही, तीळ, शेवग्याची पाने हे वऱ्हाडी स्वयंपाकातलेच पदार्थ त्याला हातभार लावतात. शेतात राबणारीला ऊन भरपूर मिळते, तर अकोल्यातल्या किंवा अमरावतीतल्या घरात राहणारीला उन्हाच्या प्रदेशात राहूनही ते मिळत नाही.

आहाराच्या बाबतीत अनाठायी भीती बरीच आहे. गेल्या तीसेक वर्षांत वऱ्हाडच्या काळ्या मातीत कापसाच्या जोडीला सोयाबीन पसरले. त्यात इस्ट्रोजेनसदृश घटक असतात हे कळल्यावर सोया वडी किंवा सोयाचे पीठ खावे का, हा प्रश्न येतो. शांघायमधील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत (2009) सोया खाणाऱ्या स्त्रियांत रोग परतण्याचे प्रमाण वाढले नाही, उलट कमी दिसले. जेवणातले सोयाबीन किंवा जवसाची चटणी सोडण्याचे कारण नाही; त्यांच्या अर्कांच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. घटक माहीत नसलेले काढे आणि पुड्या यांचीही तीच गोष्ट.

गोळी अर्ध्यावर सुटणे हा वऱ्हाडपुरता प्रश्न नाही. अमेरिकेतील साडेआठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून डॉन हर्शमन यांनी 2010 साली दाखवले की त्यांच्यापैकी सुमारे निम्म्याच जणींनी गोळी नेमाने शेवटपर्यंत घेतली. तिथे विमा आणि फोन दोन्ही होते. त्रास सांगायला माणूस जवळ असला तर गोळी टिकते, हे त्यानंतरच्या कामातून पुढे आले आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वाशीम आणि अमरावती हे जिल्हे महाराष्ट्रात अगदी सुरुवातीला घेतले गेले. आशा सेविकांच्या मदतीने उपकेंद्रातील परिचारिका तिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या स्तनांची तपासणी करतात. रोग शोधण्यासाठी जी परिचारिका दारापर्यंत पोहोचते, तिनेच रक्तदाब मोजताना ‘गोळी चालू आहे ना, घाम किती येतो, बोटे वळतात ना’ हे तीन प्रश्न विचारले, तर परळ-नागपूरच्या दोन भेटींमधली पोकळी पुष्कळ भरून निघेल. त्यासाठी नवे रुग्णालय लागत नाही.

ठरलेली वर्षे पूर्ण झाल्यावर गोळी बंद करायची की पुढे चालू ठेवायची, हे गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि तोवरचा त्रास पाहून ठरते. बंद केल्यावर सांधे साधारण काही आठवड्यांत ते महिन्यांत मोकळे होतात, हाडांची घनता काही प्रमाणात भरून येते, झळा बहुतेकींच्या विरत जातात. हार्मोनवर वाढणारा कर्करोग मात्र वीस वर्षांनीही परतू शकतो, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणाने दाखवले आहे. म्हणून वर्षाची मॅमोग्राफी आणि डॉक्टरची तपासणी गोळीनंतरही चालू राहते.